फळी कुठे लावायची

एडिसन, न्यू जर्सी

ती. स्व. अण्णाकाकांस,


मंगल कार्यालयाच्या नूतनीकरणाचा नकाशा मिळाला. लिफ्ट, भोजनगृहातला एक्झॉस्ट पंखा, गाद्यांच्या खोलीतल्या ओलीवरचा इलाज, सगळं वाचलं. वधूपक्षाच्या खोलीत, आरशाशेजारच्या कोपऱ्यात, तुमच्या त्या बांधकाम खात्यातल्या टपोऱ्या अक्षरात ‘लहान बाळांसाठी टेबल’ असंही लिहिलं आहे. मंगल कार्यालयाच्या विश्वस्तांना बाळाचा डायपर सुचावा ही साधी गोष्ट नव्हे. आजवर कार्यालयांनी नवरदेवाच्या घोड्याची सोय पाहिली, पण बाळाच्या ढुंगणाकडे कोणी बघितलं नाही. तरीही तुमच्याशी भांडायचं आहे, आणि तेवढ्यासाठीच हे लांबलचक पत्र. टेबल हवंच, जागा मात्र चुकली आहे. न्हाणीघराला उतार जिकडे, पाणी तिकडे, हे तुम्हीच शिकवलंत. बाळाचं काम कोणाकडे जातं तेही असंच भिंतीवर आणि दारावर ठरतं, मायेवर फार कमी, असं माझं म्हणणं आहे. टेबल वधूपक्षाच्या खोलीत ठेवलंत की त्या कार्यालयातली यच्चयावत बाळं वधूपक्षाची झाली. वरपक्षाचा बाप दारावर टकटक करणार, आतून चार जणी किंचाळणार, आणि बाळ पुन्हा आईच्याच हातात, तिने पंगतीत घास उचललेला असताना.

इथल्या देशाने ही चूक तीसेक वर्षं केली आणि मग कायदे करून निस्तरली, म्हणून इथलं उदाहरण देतो. सार्वजनिक स्वच्छतागृहात भिंतीला प्लॅस्टिकची एक जाड फळी असते. एरवी मिटलेली, ओढली की आगगाडीतल्या बर्थसारखी आडवी होते, पण धाडकन पडत नाही. आतल्या दट्ट्यामुळे सावकाश उतरते. मधे बाळासाठी खोलगट भाग, कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायला आकडे, आणि अंथरायच्या कागदाचा एक खण, जो तत्त्वतः भरलेला असतो. १९८०च्या दशकात कोलोरॅडोतल्या एका कंपनीने या फळ्यांचा धंदा सुरू केला आणि त्यांवर कोआलाचं चित्र लावलं. ते चित्र आता इथे इतकं ओळखीचं झालं आहे की त्याच्याखाली काही लिहायची गरज उरलेली नाही. वस्तू उत्तम. फक्त ती लावताना ठेकेदारांनी आणि मालकांनी वर्षानुवर्षं एकच दार निवडलं, ते बायकांचं. कोणी दुष्टपणाने केलं असं नाही. कोणी विचारच केला नाही, आणि इमारतीत हे जास्त महागात पडतं, कारण दुष्ट माणूस बदलतो किंवा बदली होऊन जातो, स्क्रू तिथेच राहतो.

२०१५ साली ॲश्टन कुचर नावाच्या नटाने जाहीरपणे तक्रार केली की पुरुषांच्या स्वच्छतागृहात फळी कधी सापडतच नाही, आणि दोन मोठ्या दुकानांच्या साखळ्यांना उद्देशून अर्ज फिरवला. लाखाच्या वर लोकांनी सह्या केल्या. नट म्हटल्यावर लोक सही करतात, हे तुमचं म्हणणं आधीच मान्य. पण २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या डाँटे पामर नावाच्या माणसाचं छायाचित्र गाजलं तेव्हा तो कोणी नट नव्हता. उपाहारगृहाच्या स्वच्छतागृहात, भिंतीला पाठ टेकून, गुडघ्यांत वाकून, हवेत खुर्ची केल्यासारखा तो बसला आहे, आणि मांडीवर बाळ आडवं. फोटो त्याच्याच मोठ्या मुलाने काढला होता. तालमीत हे शिक्षा म्हणून करायला लावतात. हे चित्र पाहिल्यावर पुष्कळ बापांनी ‘आम्हीही असंच करतो’ म्हणून हात वर केले, आणि पुढच्याच वर्षी पॅम्पर्सने अमेरिका-कॅनडातल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहांत २०२१पर्यंत ५,००० फळ्या लावायचं जाहीर केलं. डायपर विकणाऱ्याला डायपर बदलायची काळजी वाटावी यात परोपकार किती आणि हिशेब किती हे मी विचारत नाही. पण बाप मांडीचं टेबल करून बाळाचं करत होते याचा अर्थ काम करायची तयारी होती, नव्हती ती फळी. एवढा एकच मुद्दा मला त्या फोटोतून उचलायचा आहे.

कायद्याने तोवर सुरुवात केली होती. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केलेल्या कायद्याप्रमाणे, केंद्र सरकारच्या ज्या इमारतींत जनतेला प्रवेश आहे तिथे पुरुष आणि बायका दोघांच्याही स्वच्छतागृहांत फळी पाहिजे. तुमच्या खात्यासारखंच इथेही अपवादांचं कलम आहे: त्याच मजल्यावर दुसरीकडे फळी असेल तर ती कुठे आहे ते सांगणारी ठळक पाटी लावून भागतं. (हे कलम आपल्याकडे पहिल्या दिवसापासून पाळलं जाईल. फळी नसेल, पाटी नक्की असेल.) शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात १ जानेवारी २०१९पासून नव्या किंवा मोठी दुरुस्ती केलेल्या सार्वजनिक इमारतींना हाच नियम लागू आहे, आणि मोठ्या विमानतळांसाठी २०१८ च्या कायद्यात प्रत्येक टर्मिनलमध्ये किमान एका पुरुषांच्या आणि एका बायकांच्या स्वच्छतागृहात फळीची अट घातली आहे. मला सगळ्यात बोलका वाटतो तो कॅलिफोर्नियाचा मामला. २०१४ साली तिथल्या विधिमंडळाने अशी विधेयकं संमत करून पाठवली, आणि गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ती परत धाडली. फळी असणं चांगलं, पण ते धंदेवाल्यांनी आपणहून करावं, सगळ्याच गोष्टींना कायदा कशाला, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. तुमच्या विश्वस्त मंडळात हेच वाक्य कोण म्हणेल तेही मला ठाऊक आहे. तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच ब्राउन यांनी तशाच कायद्यावर सही केली. मधल्या काळात धंदेवाल्यांनी आपणहून पुरेसं केलं असतं, तर तो कायदा त्यांच्या टेबलावर पुन्हा आला नसता. खर्चाचा आक्षेप मी खोडून काढत बसत नाही. इथे अशी एक फळी काही शे डॉलरला मिळते, आणि तुमच्या नकाशातल्या प्रवेशद्वारावरच्या फायबरच्या हत्तींची किंमत मी मुद्दाम विचारलेली नाही.

आता मुख्य आक्षेप, जो तुम्ही सभ्यपणे लिहिला नाहीत पण काकूंच्या तोंडून पोचवलात: पुरुषांना हे जमत नाही. काय जमायचं आहे ते एकदा पाहू या. डायपरवर समोरून एक पिवळी रेघ असते. ओला झाला की ती निळी होते, म्हणजे निदानासाठी अनुभवी नाकाची गरज उरलेली नाही. बाळ आडवं करायचं, पट्टा लावायचा, नवा डायपर जुन्याच्या खाली आधीच सरकवायचा. मग चिकटपट्ट्या सोडायच्या, एका हाताने दोन्ही घोटे धरून वर उचलायचे, पुढून मागे पुसायचं, जुना काढायचा, त्याच्याच चिकटपट्ट्यांनी त्याचं घट्ट पुडकं करायचं. मुलगा असेल तर मधल्या दोन सेकंदांत वरून एक कापड टाकून ठेवायचं, नाहीतर कारंजं थेट चष्म्यावर. यातली एकही पायरी अशी नाही की जी ट्रॅक्टरचं टायर बदलणाऱ्याला किंवा चातुर्मासात सोवळ्याने नैवेद्याचं ताट वाढणाऱ्याला अवघड जावी. शिवाय या वस्तूचा इतिहास बघा. १९४६ साली मॅरियन डोनोव्हन या बाईने न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावर घालायचं जलरोधक आवरण शिवलं. कारखानदारांनी नको म्हटलं, तेव्हा १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानातून तिने ते स्वतःच विकायला काढलं आणि ते धडाक्याने खपलं. पुढे कागदी डायपरची तिची कल्पनाही त्या साहेबांना पटली नाही. त्यांच्यातल्या एकाने जरी आठवडाभर रोज दुपटी धुतली असती तर पटली असती, असा माझा तर्क आहे. अखेर १९६१ मध्ये पॅम्पर्स बाजारात आलं ते प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या व्हिक्टर मिल्स या रसायन अभियंत्याच्या खटपटीतून, आणि त्याला ही खटपट सुचली ती नातवंडाचे लंगोट बदलून वैतागल्यामुळे. म्हणजे पहिल्या बदलाचं श्रेय एका आईचं आणि दुसऱ्याचं एका अभियंत्या आजोबाचं. निवृत्त अभियंत्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

तुम्ही चतुर आहात, तेव्हा उलटा प्रश्न टाकाल. इथल्या प्यू संशोधन केंद्राच्या आकड्यांप्रमाणे अमेरिकन बाप १९६५ साली मुलांची देखभाल आठवड्याला सरासरी अडीच तास करत होते, २०१६ मध्ये आठ तास. त्याच वर्षी आई चौदा तास. फळ्यांचे कायदे तर २०१६च्या अखेरीपासूनचे, मग बाप सुधारले ते फळीमुळे कसे? बरोबर आहे, फळीमुळे नाही सुधारले. नोकरी करणाऱ्या बायका वाढल्या, आजी-आजोबा लांब राहिले, घरात दुसरं कोणी उरलं नाही म्हणून सुधारले. पण म्हणूनच माझा मुद्दा पक्का होतो. चार भिंतींत हात चालायला लागले होते, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तेच हात रिकामे होत होते, कारण बाहेरच्या इमारती अजून १९६५ सालात होत्या. मन बदलल्यावर भिंत बदलावी लागली. आपल्याकडे मन किती बदललं ते २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत आहे: घरातल्यांच्या देखभालीचं बिनपगारी काम दिवसभरात केल्याचं शंभरातल्या चौदा पुरुषांनी सांगितलं, बायकांमध्ये जवळजवळ अठ्ठावीस जणींनी, आणि केलं तेव्हा पुरुषांनी सरासरी ७६ मिनिटं केलं तर बायकांनी १३४. यावर कोणी म्हणेल, चौदाच टक्के आहेत ना, मग त्यांच्यासाठी कशाला फळी? हा न्याय लावायचा तर लिफ्ट रद्द करा, कारण आजवर एकही आजारी म्हातारा दुसऱ्या मजल्यावरच्या मुंजीला चढून आलेला नाही.

‘आपल्याकडे मांडीवर होतं सगळं,’ हा दुसरा आक्षेप. मान्य. पाय पसरून, टाचा जुळवून, बाळाला पायांवर आडवं घेऊन न्हाऊ-माखू घालणाऱ्या आज्यांनी कुठलीही फळी पाहिली नव्हती, आणि ती पद्धत इतकी पक्की की बाळ निसटत नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, मांडी पुरुषांनाही असते, आणि ती आजवर मुख्यतः भेटवस्तूंची यादी लिहायच्या वहीसाठी वापरली गेली. दोन, ती पद्धत घरातल्या कोरड्या जमिनीवर, गरम पाण्याशेजारी, घाई नसताना चालते. कार्यालयाच्या पायऱ्यांवर, पैठणी नेसून, बाजूला सनईचा कर्णा लागलेला असताना तीच आजी उभ्याउभ्या बाळाला काखेत धरून डायपर ओढत असते, आणि खाली फरशी ओली. मांडी ही सोय आहे, पण ती आहे म्हणून इमारतीने अंग काढून घ्यायचं हे पटत नाही.

डायपरच कशाला, लंगोट घाला आणि वर्षाच्या आत पायावर बसवून शू-शू करायला शिकवा, असं तुमच्या मंडळातले तात्या म्हणतील. इथे मी अर्धा हरतो. ब्रेझल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये हजाराहून अधिक मुलांच्या अभ्यासावरून मूल स्वतः तयार होईल तेव्हाच शिकवा असा सल्ला दिला. त्या अभ्यासातल्या मुलांचं दिवसाचं शिक्षण सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना पुरं झालं होतं, आणि पुढे हेच डॉक्टर पॅम्पर्सच्या मोठ्या मापाच्या जाहिरातीत दिसले. सल्ला चुकीचा होता असं नाही, पण तो कोणाला परवडला हेही दिसतं. २०१८ साली या देशात ४१ लाख टन वापरलेले डायपर कचऱ्यात गेले, बहुतेक थेट जमिनीखाली. तेव्हा घरी लंगोट वापरा, तात्यांना माझा पाठिंबा कळवा. पण लंगोटसुद्धा बदलावा लागतो, डायपरपेक्षा जास्त वेळा, आणि ओला लंगोट बदलायला फळी जास्तच लागते. तात्यांचा आक्षेप डायपरवर आहे, फळीवर नाही, हे बैठकीत कोणीतरी त्यांना हळूच सांगावं.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र हा: आपल्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत, मग तोच नमुना कार्यालयात का नको? हिरकणी कक्षाबद्दल मला मनापासून आदर आहे. बाळाला पाजायला बंद दार आणि दिव्याखाली बसायला जागा ही बाईची गरज आहे आणि तिथे पुरुषाने डोकावू नये. पण पाजणं आणि पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्ही एकाच दाराआड ठेवली की पाजण्याबरोबर पुसणंही कायमचं आईच्या नावावर चढतं. रायगडचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या हिरकणीची गोष्ट आपण तिच्या धैर्याकरता सांगतो. त्या रात्री घरी बाळाजवळ आणखी कोण होतं आणि ते काय करत होतं, हे त्या गोष्टीत कोणी विचारत नाही. तुमच्या कार्यालयात हिरकणीसाठी वधूपक्षाच्या खोलीतला तो कोपरा जरूर ठेवा, पडदा आणि आरामखुर्चीसकट. फळी तेवढी तिथून उचला.

उचलून कुठे? तुमच्या नकाशावर गाद्यांच्या खोलीची उत्तरेकडची भिंत, जी पुरुषांच्या आणि बायकांच्या स्वच्छतागृहांच्या मधल्या बोळात येते, ती मोकळी आहे. तिथे भिंत तोडून साडेचार फूट बाय पाच फुटांचा कोनाडा काढा, दार बोळात उघडणारं, म्हणजे आजोबा, मावशी, वरपक्ष, वधूपक्ष, केटररचा माणूससुद्धा, कोणीही बाळ घेऊन शिरेल आणि कोणाच्या साडीचा किंवा सुरवारीचा संकोच होणार नाही. इथल्या नियमाप्रमाणे उघड्या फळीचा पृष्ठभाग जमिनीपासून २८ ते ३४ इंचांवर हवा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचाही हात पोचतो. बोळात घडीची फळी लावलीत तर मिटल्यावर भिंतीच्या चार इंचांपेक्षा जास्त बाहेर येऊ नये, कारण काठीने चाचपत येणाऱ्या अंध माणसाच्या काठीला ती लागत नाही, अंगाला मात्र लागते. कोनाड्यात ही भानगडच नाही. तिथे प्लॅस्टिकची फळी मागवण्यापेक्षा ओट्याचा कडप्पाच बसवा: तीन फूट लांब, दोन फूट खोल, पुढून आणि बाजूंनी तीन इंचांची कड, वर पुसता येईल अशी रेक्झिनची पातळ गादी, कारण डिसेंबरातला कडप्पा बाळाला चालत नाही. पायाने उघडणारी झाकणाची बादली, दोन आकडे, एक नळ. बादलीशेजारी जुनी वर्तमानपत्रं आणि लाल खडू. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था लोकांना सांगते तसं डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी उष्टी पत्रावळ आणि डायपर वेगळे काढणाऱ्या बाईला पुडकं उघडून बघावं लागत नाही. लाल खडू दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर तो अक्षतांच्या ताटात सापडेल.

विश्वस्तांची सभा पंचवीस तारखेला आहे असं काकू म्हणाल्या, म्हणून घाईने लिहितो आहे. कोनाड्याचा आराखडा मोजमापांसह वेगळ्या कागदावर जोडला आहे, लोखंडी कंस किती जाडीचे ते मात्र तुम्हीच ठरवा, माझा त्यातला अभ्यास नाही. दारावर चित्र काढायचं झालं तर बाळाशेजारी लुगड्यातली बाई काढू नका, नुसतं बाळ पुरे. सौ. काकूंना सा. न., तात्यांना लंगोटाबद्दल विशेष नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
निखिल